मोठा हौशी क्वायर आणि समीक्षकांचं कौतुक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी क्वायर म्हणजे नक्की कोण? आणि मोठा म्हणजे किती मोठा?

क्वायर म्हणजे एकत्र, वेगवेगळ्या सुरांत गाणारा मोठा गायकवृंद, आणि हौशी म्हणजे ज्यांना गाण्याचे पैसे मिळत नाहीत, बस्स. दिवसभर कोणी शिकवतं, कोणी हिशेब लिहितं, कोणी दवाखान्यात असतं आणि संध्याकाळी रिहर्सलला येतं. गाणं कच्चं असतं असा याचा अर्थ नाही, बऱ्याच क्वायरमध्ये ऑडिशन असते, आणि काही ठिकाणी तर दर दोन-तीन वर्षांनी परत द्यावी लागते. मोठा म्हणजे साधारण शंभर ते दोनशे गायक, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्राबरोबर गातानाही ऐकू येतील इतके. कंडक्टर, कोरसमास्टर (क्वायरची तालीम घेणारा), साथीचा पियानोवादक आणि सोलो गायक मात्र सहसा व्यावसायिक असतात, त्यामुळे रिव्ह्यू वाचताना कौतुक कोणत्या गटाचं चाललंय ते आधी बघायचं.

समीक्षक हौशी क्वायर खरंच गांभीर्याने ऐकतात, की पाठ थोपटून मोकळे होतात?

दोन्ही होतं. पण हौशी म्हणजे दुय्यम हा समज असेल तर तो आधी काढून टाका. ओरॅटोरिओ (धार्मिक कथेवरची क्वायर-ऑर्केस्ट्राची मोठी रचना) आणि सिंफनीतलं क्वायरचं संगीत गेली दोनशे वर्षं मुख्यतः हौशी लोकांनीच गायलंय. बर्लिनची झिंगअकाडेमी 1791 मध्ये सुरू झाली, आणि बाखचं सेंट मॅथ्यू पॅशन, येशूच्या मृत्यूच्या कथेवरची रचना, जवळजवळ विस्मरणात गेलेलं असताना 11 मार्च 1829 ला संगीतकार मेंडेल्सोननी वयाच्या विसाव्या वर्षी ते याच हौशी गायकांना घेऊन परत उभं केलं. हडर्सफील्ड कोरल सोसायटी 1836 ची, व्हिएन्नाचा झिंगफेराइन 1858 चा, लंडनची रॉयल कोरल सोसायटी 1871 ची आणि तिचा गुड फ्रायडेचा मसाया, म्हणजे हँडलचा प्रसिद्ध ओरॅटोरिओ, 1876 पासून चालू आहे. अमेरिकेतल्या अटलांटा सिंफनी ऑर्केस्ट्राचा क्वायर कंडक्टर रॉबर्ट शॉनी 1970 मध्ये उभा केला, सगळे बिनपगारी, आणि त्यांनी शॉच्या हाताखाली ग्रॅमी मिळवल्या, पुढे 2003 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर संगीतकार ब्रिटनचं वॉर रेक्विएम (रेक्विएम म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत) गायले. बर्लिनवाल्यांना क्वायर हवा असेल तर त्यांच्याकडे पर्याय कमी नाहीयेत, तरी त्यांनी समुद्रापलीकडून हौशी लोक बोलावले! एवढं झाल्यावर अशा क्वायरला समीक्षक सवलत देत बसत नाही, आणि द्यावी अशी अपेक्षाही कोणी ठेवू नये.

मग एवढ्या मोठ्या रिव्ह्यूत क्वायरबद्दल एकच ओळ का असते?

जागा कमी, हेच खरं कारण. आधी कंडक्टर, मग चार सोलो गायक, मग ऑर्केस्ट्रा, आणि शेवटी शब्द उरले तर क्वायर. "क्वायर फॉर्मात होता" ही ओळ वाचून आल्टो सेक्शन (क्वायरचे चार गट असतात: बायकांत उंच सोप्रानो, खालच्या आल्टो, पुरुषांत उंच टेनर, खालचे बेस) आठवडाभर खूश असतो, पण खरं सांगायचं तर त्या ओळीत माहिती काहीच नाही. एवढंच कळतं की कुठे लाज गेली नाही. दुसरं म्हणजे दीडशे माणसांबद्दल लिहायला शब्दसंग्रह लागतो, आणि तो सगळ्याच समीक्षकांकडे नसतो, व्हायोलिनबद्दल पानभर लिहिणारा माणूस क्वायरपाशी आला की विशेषणं टाकून पुढे सरकतो.

मग कोणतं कौतुक खरं भारी समजायचं?

माझं मत ठाम आहे: हळू गाण्याचं. मोठा क्वायर जोरात गातो यात नवल ते काय, शंभर माणसं तोंड उघडून ओरडली तरी लोक दचकतात. पण दीडशे हौशी गायक एकत्र अगदी हळू, तरीही सुरात, श्वास न ढळता गायले आणि समीक्षकाने ते नोंदवलं, तर समजा त्या क्वायरची तयारी पक्की आहे.

उदाहरण घ्या. माहलरच्या दुसऱ्या सिंफनीत क्वायर तासाभराहून जास्त वेळ गप्प बसून असतो, घसा कोरडा पडलेला असतो, आणि मग शेवटच्या भागात जवळजवळ साथीशिवाय अतिशय हळू आवाजात प्रवेश करायचा, बऱ्याचदा बसूनच, म्हणजे उभं राहताना खुर्च्यांचा आवाज नको. त्यात खालच्या बेसना इतका खोल सूर दिलाय की हौशी क्वायरमध्ये तो नीट लागणारे मोजकेच सापडतात. प्रेक्षकांना क्वायर सुरू झाला हे कळायला क्षणभर लागलं पाहिजे, पण सूर मात्र पहिल्या क्षणापासून पक्का हवा. तसंच व्हेर्दीच्या रेक्विएमची सुरुवात, शक्य तितकं हळू असं स्कोअरमध्येच लिहिलंय. ब्राम्सच्या जर्मन रेक्विएमच्या पहिल्या भागात तर व्हायोलिनच नाहीत, वरून झाकायला काही नाही, सोप्रानो थोड्या जरी खाली घसरल्या तरी उघड्यावर दिसतात.

म्हणून रिव्ह्यूत "पहिलाच प्रवेश", "हळू जागा", "वाक्याचा शेवट", "अमुक भागातला फ्यूग" (एकच धून गट एकामागून एक उचलतात तो भाग) असं नेमकं काही आलं असेल तर ते कात्रण जपून ठेवा. समीक्षक नुसता बसला नव्हता, ऐकत होता.

"भव्य", "छाती दडपून टाकणारा", "आवाजाची भिंत" हे कौतुक नाही का?

आहे की, पण थोडं गायकसंख्येचं आहे आणि थोडं हॉलचं. यात एक गणित आहे जे बऱ्याच कमिट्यांना माहीत नसतं: गायक दुप्पट केले तर आवाज साधारण तीन डेसिबलनीच वाढतो. आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दसपट गायक. ऐंशीचे एकशे साठ केले तर "थोडा मोठा" एवढाच फरक पडतो. संख्येनं मिळतो तो वेगळा गुण, सगळ्यांचे सूर आणि वेळा केसभर वेगळ्या असल्यामुळे एकेकाचा आवाज विरघळतो आणि एक रुंद, मऊ पोत तयार होतो, शिवाय आळीपाळीने श्वास घेता येत असल्यामुळे सूर कुठेच तुटत नाही. समीक्षकाने हा पोत पकडला असेल तर उत्तम.

संख्येची हौस पूर्वी पार टोकाला गेली होती. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1859 पासून हँडल फेस्टिव्हल व्हायचे, गायक हजारोंनी. तेव्हा बर्नार्ड शॉ, नाटककार म्हणून नाव व्हायच्या आधी संगीतसमीक्षा लिहिणारे, त्यांनी 1891 मध्ये या अवाढव्य कंटाळ्यापेक्षा वीस कसलेल्या गायकांत नीट तालीम केलेला मसाया कोणीतरी करा अशी मागणी केली. गंमत म्हणजे 1742 मध्ये डब्लिनला मसाया पहिल्यांदा झाला तेव्हा गायक तिसाच्या आसपासच होते.

शब्द स्पष्ट ऐकू आले असं लिहिलंय. यात एवढं काय?

खूप आहे! हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून कधी मोठा क्वायर ऐका, शब्दाच्या शेवटी "स" आला की काय होतं ते बघा. एकाचा "स" आधी, दुसऱ्याचा मग, तिसऱ्याचा तोपर्यंत चालूच, सापाचं बीळ उघडल्यासारखा फुत्कार येतो. "ट" आणि "क" तर त्याहून वाईट, गारा पडल्यासारखे विखुरतात. हे सुधारायचं तर शेवटचं व्यंजन नक्की कोणत्या मात्रेवर सोडायचं ते प्रत्येकाने पेन्सिलने स्कोअरमध्ये लिहायचं, आणि मुख्य म्हणजे ते पाळायचं. काही कोरसमास्टर अर्ध्या गायकांना "स" म्हणूच नका असं सांगतात, बाकीच्यांचा पुरतो.

रॉबर्ट शॉची यावर एक प्रसिद्ध पद्धत आहे. शब्द बाजूला ठेवायचे आणि सूर तेच ठेवून "वन अँड टू अँड टी अँड फोर अँड" असे आकडे गायचे. "थ्री" ऐवजी "टी", कारण "थ्री" म्हणताना जीभ अडखळते आणि लय मागे पडते. तासन्तास हळू आवाजात हेच, सगळ्यांच्या मात्रा जुळल्या की मग शब्द परत आणायचे. रटाळ वाटतं, आणि नवीन आलेले गायक कुरकुर करतातच, पण "शब्द न् शब्द कळला" हे वाक्य रिव्ह्यूत असंच येतं.

आम्ही एकमेकांचं ऐकून गातो तरी "क्वायर ऑर्केस्ट्राच्या मागे रेंगाळत होता" असं लिहिलं. का?

ऐकून गाता म्हणूनच. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. क्वायर वीस मीटर रुंद पसरला असेल तर या टोकाचा सूर त्या टोकाला पोचायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो, आणि त्यात समोर ऑर्केस्ट्राचं अंतर वेगळंच. मागच्या रांगेतल्या माणसाने ट्रंपेट ऐकून तोंड उघडलं तर त्याचा आवाज हॉलमध्ये उशिराच पोचणार. म्हणून कानाने सूर जुळवायचा आणि डोळ्याने वेळ जुळवायची, कंडक्टरची काठी बघून गायचं, पटत नसलं तरी. मोठ्या हॉलमध्ये आपण पुढे पळतोय असं आतून वाटत राहतं, तेव्हा खरं तर आपण बरोबर असतो.

पाठ करून गायलं तर समीक्षक खूश होतात का?

पाठ केल्याबद्दल कोणी मार्क देत नाही, त्याचा परिणाम दिसतो त्याचे मिळतात. अमेरिकेतला टँगलवुड फेस्टिव्हल कोरस, जॉन ऑलिव्हरनी 1970 मध्ये सुरू केलेला, त्याची ओळखच स्कोअर हातात न धरता गाण्याची झाली, आणि तोही बिनपगारी लोकांचा. मान वर असते, आवाज छातीशी धरलेल्या पुस्तकात न जाता समोर जातो, डोळे कंडक्टरवर असतात. पण अर्धे पाठ आणि अर्धे चाचपडत अशी अवस्था असेल तर फोल्डर हातात घ्या बापहो, ऐनवेळी शब्द विसरून माशासारखं तोंड उघडझाप करणारे गायक पहिल्या रांगेतल्याला स्पष्ट दिसतात.

वाईट रिव्ह्यू आला. क्वायर संपला का?

नाही हो. इंग्लिश संगीतकार एल्गारच्या ड्रीम ऑफ जेरॉन्शियस या ओरॅटोरिओचा पहिला प्रयोग, बर्मिंगहॅम, 3 ऑक्टोबर 1900. काही महिने आधी कोरसमास्टर वारले, त्यांच्या जागी निवृत्त झालेल्या जुन्या मास्तरांना परत आणलं, संगीत नवीन आणि अवघड, तालमी अपुऱ्या. प्रयोग फसला. पण पुढच्याच वर्षी ड्युसेलडॉर्फला तो नीट तयारीने झाला आणि चांगला गाजला, आणि नंतर तर इंग्लंडमधल्या हौशी क्वायरनी ही कृती जवळजवळ आपली मानली. संगीत तेच होतं, तालमीचा फरक पडला.

दुसरी गोष्ट ब्राम्सची. व्हिएन्नात 1 डिसेंबर 1867 ला रेक्विएमचे पहिले तीन भाग झाले. तिसऱ्या भागाच्या शेवटी फ्यूग चालू असताना खाली एकच सूर सलग धरलेला असतो, तिथे टिंपनीवाल्याने (मोठे नगारे वाजवणाऱ्याने) खूण चुकीची वाचली आणि सगळा वेळ बडवत राहिला. क्वायर काय गातोय ते कोणाला ऐकूच आलं नाही, लोकांनी "हिस्स" असा आवाज काढून नापसंती दाखवली, आणि हान्सलिकसारख्या ब्राम्सच्या बाजूच्या समीक्षकालासुद्धा तो भाग बोगद्यातून धडधडत जाणाऱ्या गाडीसारखा वाटला. पुढे 10 एप्रिल 1868 ला ब्रेमेनच्या कॅथेड्रलमध्ये सहा भाग झाले तेव्हा मात्र मोठं यश मिळालं. रिव्ह्यू वाईट आला की आधी हे तपासा, दोष आपला होता की आपल्यावर कोणी बडवत होतं. आपला निघाला तर तो स्कोअरमधल्या बार (मात्रांच्या घराच्या) नंबरसकट लिहून पुढच्या रिहर्सलला न्या.

"हौशी असूनही छान गायले" याचं काय करायचं?

काही नाही, वाचून सोडून द्या. असं लिहिणाऱ्याने मापदंड आधीच खाली करून ठेवलेला असतो. पोस्टरवर तर मुळीच टाकू नका, वाचणाऱ्याच्या मनात "असूनही" तेवढं राहतं. ज्या रिव्ह्यूत हौशी हा शब्दच येत नाही आणि क्वायरची चर्चा ऑर्केस्ट्राच्या बरोबरीने होते, तो रिव्ह्यू कमिटीने फ्रेम करावा.

कौतुक कंडक्टरला जातं, मेहनत कोरसमास्टर करतो. हे बरोबर आहे का?

बरोबर नाहीये, पण असंच चालतं. कंडक्टर शेवटच्या काही रिहर्सलना येतो, त्याआधीचे महिने कोरसमास्टरचे. रेकॉर्ड निर्माते वॉल्टर लेगनी 1957 मध्ये लंडनला फिलहार्मोनिया कोरस उभा केला तेव्हा त्यासाठी जर्मनीतल्या बायरॉइट ऑपेरा महोत्सवाचे कोरसमास्टर विल्हेल्म पिट्झ यांना आणलं, आणि मगच कंडक्टर क्लेंपररच्या हाताखाली बेथोव्हेनची नववी सिंफनी झाली. चांगला समीक्षक शेवटी का होईना कोरसमास्टरचं नाव घेतो. नाही घेतलं तर निदान प्रोग्रॅमच्या पुस्तिकेत ते नाव ठळक छापा, आणि शेवटच्या नमस्काराला त्यांना स्टेजवर बोलवा, कारण समीक्षक पुस्तिकेतूनच नावं उतरवतो.

कोणत्या कृती घेतल्या की क्वायरचं नाव होतं?

सोपं उत्तर, ज्यात क्वायरला लपायला जागा नाही आणि तरी तो झेपतो अशा. बेथोव्हेनच्या नवव्याचा मोह सगळ्यांना असतो, जपानमध्ये तर ओसाकाला 1983 पासून दहा हजार लोक मिळून ती गातात, पण सोप्रानोंना वरच्या सुरावर इतका वेळ टांगून ठेवलंय की थकलेला क्वायर तिथे किंचाळतो आणि रिव्ह्यूत तेवढंच येतं. इंग्लिश संगीतकार वॉल्टनचं बेलशाझर्स फीस्ट 1931 मध्ये लीड्सच्या फेस्टिव्हल कोरसने पहिल्यांदा गायलं, तेव्हाच्या हौशी गायकांना ते फार अवघड होतं, आणि कंडक्टर बीचमनी तर म्हणे वॉल्टनला सुचवलं की हे परत कधी कानावर पडायचं नाही, तेव्हा ब्रास बँडही घालून टाक. घातले, आणि प्रयोग जोरात झाला. अवघड घ्या, पण वेळ घेऊन घ्या, दोन महिन्यात उरकायच्या या गोष्टी नाहीत.

आणि साथीशिवायचा एक तुकडा तरी कार्यक्रमात असावा असं मला वाटतं. धोका आहे, सूर हळूहळू खाली सरकतो आणि नंतर ऑर्केस्ट्रा आला की उघडं पडतं, पण तोच टिकला तर समीक्षकाचं पेन तिथे थांबतं.

आमच्याकडे टेनर कमी आहेत. रिव्ह्यूत दर वेळी तेच येतं.

सगळ्यांकडे कमी आहेत. उपाय म्हणजे बाकीच्यांनी आवाज आवरायचा, टेनरनी ताणायचा नाही. चौदा टेनर पन्नास सोप्रानोंशी भांडायला लागले की गळे जातात आणि वर "टेनर ताणत होते" हेही ऐकावं लागतं. खालच्या आल्टोंना काही जागी टेनरच्या ओळीवर पाठवणं चालतं, पण अख्खी कॉन्सर्ट नको.

पोस्टरवर रिव्ह्यूतलं वाक्य कसं घ्यायचं?

छोटं, अर्थ न बदलता, आणि कुठल्या कॉन्सर्टबद्दल होतं ते सांगून. मध्ये तीन टिंब टाकून "क्वायर... अविस्मरणीय" बनवायचा आणि गाळलेल्या भागात "ची पहिली पंधरा मिनिटं विसरता आली असती तर" होतं, असले उद्योग करू नका, मूळ रिव्ह्यू लोक एका मिनिटात शोधतात. पूर्ण रिव्ह्यू स्वतःच्या पानावर छापायचा तर परवानगी घ्या, एखाद-दुसरं वाक्य नावासकट चालतं.

प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि रिव्ह्यू मात्र थंड. कोणावर विश्वास ठेवायचा?

हौशी क्वायरच्या कॉन्सर्टला निम्मं घर गायकांच्या घरच्यांनी भरलेलं असतं हे विसरू नका, ते उभे राहणारच, आणि राहावंच. पण थंड रिव्ह्यूही डोळे झाकून घेऊ नका. दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेलं असेल तर समान काय आहे ते बघा. एकाला फ्यूग घाईत वाटला तर त्याची आवड, तिघांना वाटला तर घाई होती. मग कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग लावून ऐका, मात्र मायक्रोफोन कुठे होता ते लक्षात ठेवून, कारण पहिल्या रांगेजवळ ठेवला असेल तर तिथल्या दोन सोप्रानो म्हणजेच अख्खा क्वायर असं वाटतं आणि नको ती भांडणं सुरू होतात.

समीक्षकाला बोलवायचं कसं?

काही आठवडे आधी साधं पत्र किंवा मेल, कृती काय, गाणार कोण, वेळ काय, दोन तिकिटं ठेवलीत, संपलं. क्वायरचा इतिहास चार पानं पाठवू नका. त्यांना बाल्कनीच्या खाली कोपऱ्यात बसवू नका, तिथे क्वायरचा आवाज दबतो. पुस्तिकेत गाण्याचे शब्द आणि भाषांतर द्या आणि पानं कॉन्सर्टच्या मधोमध सगळ्यांनी एकदम उलटायला लागतील अशी छापू नका, हळू जागेवर पाचशे पानांची फडफड झाली की मेहनत पाण्यात. आणि आले नाहीत तर दोन दिवसांनी "का आला नाहीत" असा मेल पाठवू नका, पुढच्या कॉन्सर्टचं आमंत्रण पाठवा.